पुण्यात घरी मधमाश्या पाळताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एरंडवण्यातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगणात सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. घरी येणारा प्रत्येक जण चहा होईपर्यंत मागच्या दारातून डोकावून येतो आणि मग प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत वारंवार आलेले प्रश्न आणि त्यांची मी देत आलो ती उत्तरं इथे लिहून काढली आहेत.

पुण्यात मधमाश्यांना फुलं मिळतात तरी का? सगळं तर काँक्रीट झालंय.

मिळतात, आणि वाटतं त्यापेक्षा खूप जास्त. आपण फूल म्हटलं की बागेतला गुलाब-मोगरा आठवतो. माशीचं पोट मात्र मुख्यतः झाडांवर भरतं. जानेवारीपासून टेकड्यांवरचं गिरिपुष्प फुलतं, शेवगा पांढरा होतो, काटेसावर आणि पांगारा लाल होतात. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ, कडुनिंब आणि करंज एकापाठोपाठ येतात. करंज फुलला की रस्त्यावर फिकट फुलांचा सडा पडतो. तेव्हा झाडाखाली उभं राहून वर कान द्या, सबंध झाड गुणगुणत असतं. त्याच सुमाराला सोनमोहर आणि वर्षावृक्ष असतात, मेअखेरीला चिंच फुलते. मग पाऊस.

इथेच खरा मुद्दा आहे. पुण्याचा जुलै-ऑगस्ट हा माश्यांच्या उपासमारीचा काळ असतो. फुलं कमी, जी आहेत त्यांतला मकरंद पावसाने धुतलेला, आणि भुरभुर दिवसभर थांबत नाही म्हणून बाहेर पडायला उसंतही नाही. सप्टेंबरपासून टेकड्यांवर तेरडा आणि सोनकी येते, कुंपणांवर गुलाबी आइसक्रीम वेल फुलते, दारची तुळस मंजिऱ्या धरते, आणि माश्यांची वसाहत, म्हणजे पेटीतलं त्यांचं सगळं कुटुंब, पुन्हा उभी राहते. हिवाळ्यात नीलगिरी आहे, आणि शहराच्या कडेला बियाण्यासाठी ठेवलेली कोथिंबीर-कांदा असेल तर ती मेजवानीच.

सातेरी माशी साधारण एक-दीड किलोमीटरच्या टापूत फिरते. म्हणून पेटी आणण्याआधी वर्षभर आपल्या आसपास चालत फिरा आणि कोणत्या महिन्यात काय फुलतं ते वहीत लिहा. मी हे पेटी आणल्यावर केलं, आधी करायला हवं होतं. वेताळ टेकडी, पाषाण, तळजाई, विद्यापीठाचा परिसर, एम्प्रेस गार्डन यांच्या जवळ राहणारे नशीबवान आहेत.

कोणती माशी पाळायची?

सातेरी. शास्त्रीय नाव एपिस सेराना इंडिका. ही आपल्याकडची, झाडाच्या ढोलीत आणि भिंतीच्या पोकळीत अंधारात समांतर पोळी बांधणारी माशी आहे. अंधाराची सवय असल्यामुळेच ती पेटीत राहते.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात. आग्या ही सगळ्यांत मोठी. उंच इमारतीच्या सज्ज्याखाली, पाण्याच्या टाकीखाली किंवा वडा-पिंपळावर उघड्यावर एकच मोठं पोळं लावते, ऋतूप्रमाणे स्थलांतर करते, आणि पाळता येत नाही. फुलोरी ही लहानशी. झुडपाच्या फांदीला हाताच्या पंजाएवढं पोळं करते. तीही पेटीत राहत नाही. पोया ही डासापेक्षा थोडी मोठी, काळसर, डंख नसलेली माशी. भिंतीच्या भेगेतून मेणाची नळी बाहेर काढते आणि त्या नळीच्या तोंडाशी पहारा देत बसते. आणि इटालियन, म्हणजे एपिस मेलीफेरा. हिचा मध जास्त येतो म्हणून पुष्कळ जण तिच्याकडे ओढले जातात. पण तिला मोठा, सलग फुलोरा लागतो. व्यावसायिक मधपाळ तिच्या पेट्या ट्रकमध्ये घालून मोहरी, सूर्यफूल, ओवा अशा पिकांमागे फिरवतात. एका जागी ठेवलेल्या दोन पेट्यांसाठी ते शक्य नाही, आणि व्हरोआ नावाच्या कोळीवर्गीय परजीवीचा त्रासही तिला फार होतो. सातेरी स्वतःचं आणि एकमेकींचं अंग साफ करून या परजीवीला बरंच आवरते.

आमच्या इमारतीला आग्याचं पोळं लागलंय. ते पेटीत घालता येईल का?

नाही. आणि कृपा करून ते जाळू नका, त्यावर औषधही मारू नका. आग्या डिवचली गेली तर शेकडोंनी मागे लागते आणि लांबवर पाठलाग करते. गडांवर आणि लेण्यांत होणारे हल्ले बहुतेक वेळा धूर, दगड, आवाज किंवा उग्र अत्तरामुळे होतात. पोळं माणसांच्या वावरापासून दूर असेल तर काही महिन्यांत फुलोरा संपल्यावर माश्या आपल्या आपण निघून जातात. संध्याकाळनंतर घरात माश्या येत असतील तर त्या बाजूचे दिवे बंद ठेवा किंवा जाड पडदे लावा. आग्या उजेडाकडे खेचली जाते. पोळं जिन्याजवळ किंवा मुलं खेळतात तिथे असेल, तर मात्र माश्या न मारता पोळं हलवणाऱ्या प्रशिक्षित माणसालाच बोलवा.

फ्लॅटच्या गॅलरीत पेटी ठेवू का?

माझं मत : नको. गॅलरीत माश्यांची ये-जा आणि तुमची ये-जा एकाच वाटेने होते. त्यातून वरच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडतात. ती माश्यांची विष्ठा असते आणि पांढऱ्या कपड्यांवरून सहज जात नाही. गच्ची सोसायटीची असेल तर सगळ्यांची लेखी संमती घेऊन, सावली करून, एका कोपऱ्यात ठेवता येते. गॅलरीच हवी असेल तर पोयाचा विचार करा. मध चमचा-दोन चमचेच मिळेल, पण डंखाची भीती नाही आणि कुंड्यांतल्या मिरची-टोमॅटोला फायदा होईल.

पेटी नेमकी कुठे आणि कशी ठेवायची?

सकाळचं ऊन, दुपारची सावली. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला. दारासमोर आठ-दहा फूट मोकळी जागा, आणि त्यापुढे कुंपण किंवा उंच झुडपं असतील तर उत्तम, कारण मग माश्या तिथूनच उंच उडतात आणि माणसांच्या डोक्यावरून जातात. पेटी जमिनीपासून दीड-दोन फूट उंच लोखंडी स्टँडवर ठेवा आणि स्टँडच्या चारी पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या ठेवा. मुंग्या वर चढू नयेत म्हणून. हे पाणी वाळलं आणि दोन दिवस लक्ष गेलं नाही, तर काळ्या मुंग्या अख्खी वसाहत उठवू शकतात.

माझी पहिली पेटी मी गच्चीवर ठेवली होती. फेब्रुवारीत सगळं छान होतं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पारा चाळीसच्या आसपास गेला, खालचा स्लॅब तव्यासारखा तापू लागला, आणि एका दुपारी पेटीतून सगळ्या माश्या बाहेर पडून आंब्याच्या फांदीला लटकल्या. मी पोचेपर्यंत तिथूनही उडाल्या होत्या. पेटीत उरलं ते मऊ पडून चौकटीतून ओघळलेलं पोळं आणि मागे राहिलेली पिल्लं. वसाहत आपल्या पिल्लांचा भाग चौतीस-पस्तीस अंशांवर ठेवण्यासाठी जिवाचा आटापिटा करते. काही माश्या पाणी आणतात, काही पंखांनी वारा घालतात. बाहेरचा ताप त्यांच्या आवाक्याबाहेर गेला की त्या घर सोडतात. त्यानंतर पेटी खाली अंगणात, आंब्याच्या सावलीत आली. उन्हाळ्यात झाकणावर ओलं गोणपाट टाकतो.

पाण्याची सोय आपण केली नाही तर त्या शेजाऱ्यांच्या नळाशी जातात. पसरट मातीच्या भांड्यात खडे किंवा फुटकी कौलं ठेवून वर पाणी घाला. नुसत्या खोल भांड्यात त्या बुडतात. हे भांडं पेटी आणायच्या आधीपासून भरलेलं असू द्या, कारण पाण्याची जागा एकदा ठरली की त्या सहसा बदलत नाहीत.

पेटी नंतर दुसरीकडे हलवता येते का?

माश्या पेटीला नाही, जागेला ओळखतात. अंगणाच्या या टोकाची पेटी त्या टोकाला नेली तर संध्याकाळी निम्म्या माश्या जुन्या जागी घिरट्या घालत बसतील. हलवायचीच असेल तर रोज फूट-दोन फूट, किंवा रात्री दार बंद करून थेट काही किलोमीटर दूर.

पेटीच्या आत काय असतं?

खाली तळपाट, त्यावर पिलाव्याची कोठी, त्यावर मधकोठी, वर आतलं आणि बाहेरचं झाकण. दोन्ही कोठ्यांमध्ये लाकडी चौकटी टांगलेल्या असतात आणि प्रत्येक चौकटीत एक पोळं. राणी खालच्या कोठीत अंडी घालते, तिथे पिल्लं आणि पराग असतो. जास्तीचा मध माश्या वर साठवतात.

ही सगळी रचना एका निरीक्षणावर उभी आहे. माश्या दोन पोळ्यांमध्ये फिरण्यापुरती ठरावीक फट सोडतात. फट त्याहून कमी असेल तर बुजवतात, जास्त असेल तर तिथे आडवंतिडवं पोळं बांधतात. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन माणसाने १८५१ मध्ये ही फट जपणारी पेटी केली आणि पोळं न तोडता बाहेर काढून पुन्हा ठेवणं शक्य झालं. मेलीफेराची फट थोडी मोठी, सातेरीची लहान. म्हणून सातेरीला तिच्याच मापाची पेटी घ्या. ओळखीच्या सुताराकडून अंदाजाने पेटी करून घेण्याचा मोह टाळा. दोन-तीन मिलिमीटरची चूक झाली तरी चौकटी एकमेकींना चिकटतात आणि प्रत्येक तपासणीला पोळी फाटतात.

शिकायचं कुठे आणि वसाहत कुठून आणायची?

या बाबतीत पुण्याइतकी सोय क्वचितच कुठे असेल. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आपल्याच शहरात, गणेशखिंड रस्त्यावर, १९६२ पासून आहे. देशभरातून लोक तिथे शिकायला येतात आणि आपण रोज समोरून जाऊनही आत जात नाही. प्रशिक्षण कधी आहे ते तिथेच जाऊन विचारा. पुस्तकं आणि व्हिडिओ पाहून पेटी उघडू नका. कोणाच्या तरी शेजारी उभं राहून निदान चार-पाच वेळा पाहिल्याशिवाय हाताला अंदाज येत नाही.

महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, आणि त्याच तालुक्यातलं मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. सुट्टीत तिकडे जाणार असाल तर स्ट्रॉबेरीच्या रांगेतून वेळ काढून तिथल्या मधपाळांशी बोला. पिढ्यान्‌पिढ्या सातेरीबरोबर राहिलेली ती माणसं आहेत.

वसाहत शक्यतो जवळपासच्या मधपाळाकडून पेटीसकट घ्या. निदान पाच-सहा चौकटी माश्यांनी भरलेल्या, राणी नवी, आणि सगळ्या वयाची पिल्लं दिसत असलेली. वाड्याच्या भिंतीत किंवा वीजमीटरच्या खोक्यात बसलेली सातेरीही पेटीत आणता येते, पण ते अनुभवी माणसाचं काम आहे. पोळी कापून चौकटीत केळीच्या सोपटाने किंवा दोऱ्याने बांधायची, राणी हलक्या हाताने पेटीत घ्यायची, आणि दाराशी काही दिवस राणीला अडवणारी जाळी लावायची. पोळी एक-दोन दिवसांत माश्या स्वतःच मेणाने चौकटीला जोडून घेतात.

सुरुवात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. पाऊस सरलेला असतो, फुलोरा वाढत असतो, आणि उन्हाळ्याआधी वसाहतीला आणि तुम्हाला दोघांनाही सवय व्हायला चार महिने मिळतात.

शेजाऱ्यांना काय सांगायचं?

पेटी यायच्या आधी सांगायचं, आल्यावर नाही. आमच्या शेजारच्या काकूंना भीती होती ती नातवाची. मी त्यांना पहिल्या तपासणीला बोलावलं. दहा फुटांवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. आता त्यांच्याच कढीपत्त्यावर माश्या आल्या की मला फोन करतात. घरात कोणाला डंखाची ॲलर्जी आहे का, हे मात्र स्पष्ट विचारा. असेल तर पेटीचा विचार सोडून द्या. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

डंख बसतोच का? बसला तर?

बसतो. सातेरी शांत असते पण बावरट असते. धक्का, घामाचा वास, अत्तर, गडद लोकरी कपडे तिला चालत नाहीत. फिकट सुती कपडे, जाळीचा बुरखा आणि संथ हात एवढ्याने बहुतेक प्रसंग टळतात. पेटीच्या दारासमोर उभं राहायचं नाही, नेहमी मागे किंवा बाजूला. केळं खाऊन पेटीजवळ जाऊ नका असं जुने मधपाळ सांगतात, ते खरं आहे : डंख मारल्यावर माशी जो धोक्याचा गंध सोडते त्याचा वास पिकलेल्या केळ्यासारखाच असतो, आणि तो आला की बाकीच्याही चवताळतात.

काटा नखाने लगेच खरवडून काढा. कसा काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं, कारण तुटलेल्या काट्याला चिकटलेली विषाची पिशवी थोडा वेळ विष ढकलत राहते. मग बर्फ लावा. दोन दिवस सूज आणि खाज राहणं नेहमीचं आहे. पण अंगभर गांध्या उठणं, ओठ किंवा जीभ सुजणं, श्वास लागणं, चक्कर येणं यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा. पेटी उघडताना घरात दुसरं कोणी तरी असावंच.

किती वेळ द्यावा लागतो? पेटी उघडून काय बघायचं?

फुलोऱ्याच्या दिवसांत आठ-दहा दिवसांतून एकदा अर्धा तास. पावसाळ्यात कमी, उघडीप पाहून. सकाळी नऊ-दहानंतर, वारा नसताना. धूर अगदी थोडा. गोणपाट किंवा नारळाच्या काथ्याचा. सातेरीला फार धूर दिला तर ती पोळ्यावरून धावत सुटते आणि राणी शोधणं अशक्य होतं.

राणी दरवेळी दिसलीच पाहिजे असं नाही. पोळ्यातल्या छोट्या घरांच्या तळाशी एकेक उभं, तांदळाच्या कणीसारखं पण कितीतरी बारीक अंडं दिसलं की समजायचं, गेल्या तीन दिवसांत राणी इथे होती. चौकट सूर्याकडे पाठ करून तिरकी धरा, म्हणजे उजेड घराच्या तळापर्यंत जातो. कामकरी माश्यांची बंद घरं सपाट असतात. नरांची फुगीर, आणि सातेरीत त्या झाकणाच्या मधोमध सुईने टोचल्यासारखं एक छिद्र असतं. पोळ्याच्या खालच्या काठाला शेंगदाण्यासारखी लोंबती घरं दिसली तर नव्या राण्या तयार होत आहेत. एकाच घरात दोन-तीन अंडी वेडीवाकडी दिसली तर राणी गेली आहे आणि कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. तेव्हा लगेच जाणत्या माणसाला बोलवा.

माश्या पेटी सोडून का जातात?

दोन वेगळ्या गोष्टींना लोक एकच समजतात. हिवाळ्यात, वसाहत भरभराटीला आली की जुनी राणी निम्म्याअधिक माश्या घेऊन नवं घर शोधायला निघते आणि मागे नवी राणी राहते. ही वाढ आहे. लोंबती राणीघरं वेळीच दिसली तर आपणच वसाहतीची विभागणी करून दुसऱ्या पेटीत अर्ध्या चौकटी हलवायच्या. माझी दुसरी पेटी अशीच झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्यांनी घर सोडणं. तिची कारणं ठरलेली : ऊन, भूक, मुंग्या, मेणकिडा आणि मालकाची वारंवार उघडझाप. सातेरीचा हा स्वभावच आहे, ती सहन करत बसत नाही. नवखे लोक उत्साहाने रोज झाकण उघडतात आणि महिन्याभरात रिकामी पेटी उरते.

पावसाळ्यात साखर घालणं म्हणजे भेसळ नाही का?

मधासाठी घातली तर भेसळच. जगवण्यासाठी घातली तर अन्न. पावसाळ्यात वर मधकोठी ठेवायचीच नाही. साखर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन, पाणी कोमट करून साखर पूर्ण विरघळवायची, पाक थंड झाला की वाटीत ओतून त्यात काड्या टाकायच्या म्हणजे माश्या बुडत नाहीत. वाटी पेटीच्या आत, संध्याकाळी. दिवसा दिली किंवा बाहेर सांडली तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात आणि दाराशी मारामारी होते. गूळ किंवा काकवी देऊ नका, ती त्यांना पचत नाही. सप्टेंबरात फुलं दिसू लागली की पाक बंद.

मात्र उन्हाळ्याच्या शेवटी तुम्ही त्यांचा मध पुरेसा मागे ठेवला असेल, तर पाक फार लागत नाही. मी मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर मधाला हात लावत नाही. चिंचेचा सगळा मध त्यांचा.

मेणकिडा, गांधीलमाश्या, पक्षी, रोग यांचं काय?

मेणकिडा दुबळ्या वसाहतीचा शत्रू. त्याच्या अळ्या पोळ्यातून बोगदे काढत जाळी विणतात. तळपाटावर पडलेला मेणाचा चुरा दर आठवड्याला खरवडून काढा आणि माश्यांनी न झाकलेली जुनी काळी पोळी बाहेर काढा. एवढं केलं तर बहुतेक काम झालं.

पाऊस संपता संपता गांधीलमाश्या दाराशी तरंगत उभ्या राहतात आणि येणारी माशी हवेतच पकडतात. दार लहान करा. सातेरी स्वतःही लढते : दाराशी बसलेल्या माश्या एकदम अंग हलवून लाट उठवतात, आणि गांधीलमाशी हाती लागलीच तर तिच्याभोवती गोळा करून अंगाच्या उष्णतेने तिला भाजून मारतात. एकदा हा गोळा पाहिला की माणूस विसरत नाही. वेडे राघू हिवाळ्यात तारेवर बसून दिवसाला बऱ्याच माश्या खातात. त्यांना खाऊ द्या. वसाहत सशक्त असेल तर ती भर काढते.

रोगांमध्ये सातेरीला सर्वांत घातक थाई सॅकब्रूड हा विषाणू. १९९१-९२ मध्ये त्याने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. मेलेली अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी दिसते. त्यावर औषध नाही. संशय आला तर चौकटींची अदलाबदल थांबवा आणि गणेशखिंड रस्त्यावरच्या संस्थेत दाखवा. डासांसाठी धूरफवारणी होणार असेल तर त्या संध्याकाळी, माश्या परतल्यावर, दारावर ओलं विरळ कापड टाका आणि नंतर आठवणीने काढा.

मध कधी आणि कसा काढायचा?

मधकोठीतल्या चौकटीची निदान तीन-चतुर्थांश घरं पांढऱ्या मेणाने बंद झाली की. माश्या मकरंद आणतात तेव्हा तो पाण्यासारखा पातळ असतो. पंखांनी वारा घालून त्या तो आटवतात आणि पक्व झाला की मगच झाकण लावतात. खाद्य नियमांनुसार मधात वीस टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही, आणि सातेरीचा मध मुळातच थोडा पातळ असतो, म्हणून घाई इथे महागात पडते. चौकट आडवी धरून एक झटका द्या. थेंब उडाले तर मध कच्चा आहे, परत ठेवा.

चौकटीवरच्या माश्या मऊ ब्रशने किंवा लांब गवताच्या जुडीने पेटीतच झाडायच्या, आणि चौकटी झाकलेल्या डब्यात घालून घरात आणायच्या. दारं-खिडक्या बंद. एका वर्षी मी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली. पंधरा मिनिटांत ओट्यावर माश्यांचा थर होता आणि संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे बाहेर बसलो होतो.

सुरी गरम पाण्यात बुडवून, कोरडी पुसून, मेणाची झाकणं पातळ पापुद्र्यासारखी काढा. मग चौकटी मधयंत्रात. हे म्हणजे हाताने फिरवायचं पत्र्याचं पिंप, आत जाळीचा पिंजरा. फिरवलं की मध भिंतीवर उडतो आणि खाली उतरतो. आधी हळू, मग बाजू उलटवून थोडं जोरात. सुरुवातीलाच जोर लावला तर नवं पोळं मोडतं. रिकामी झालेली चौकट संध्याकाळी परत मधकोठीत ठेवा. पोळं पुन्हा बांधण्याचे माश्यांचे कष्ट आणि मेणासाठी खर्ची पडणारा मध दोन्ही वाचतात. मध मलमलच्या कापडातून गाळून एक-दोन दिवस झाकून ठेवा, वर आलेला फेस काढा, आणि पूर्ण कोरड्या काचेच्या बाटल्यांत भरा. ओलसर बाटली एकच असली तरी तो मध आंबतो.

खालच्या पिलाव्याच्या कोठीला हात लावायचा नाही. पोळं पिळून मध काढणं तर नाहीच. पिळलेल्या मधात पिल्लांचा रस असतो, तो लवकर आंबतो, आणि वसाहत मरते. रस्त्यावर बादलीत पोळं घेऊन 'समोर पिळून देतो' म्हणणाऱ्यांकडून घेणं मी या एका कारणाने बंद केलं.

किती मध मिळतो?

शहरात, एका जागी ठेवलेल्या सातेरीच्या पेटीतून चांगल्या वर्षी तीन-चार किलो. आमच्याकडे एका वर्षी काहीच काढला नाही, कारण मार्चमध्ये अवेळी पाऊस होऊन जांभळाचा मोहोर झडला. जांभळाचा मध गडद आणि किंचित कडवट येतो. मला तोच सगळ्यांत आवडतो.

मध गोठला. म्हणजे साखर मिसळलेली आहे?

नाही. मधातलं ग्लुकोज कालांतराने कणीदार होतं, थंडीत लवकर. बाटली कोमट पाण्यात ठेवा, पातळ होईल. गॅसवर तापवू नका. पाण्यात थेंब टाकणं, काडेपेटीची काडी मधात बुडवून पेटवणं, या चाचण्यांनी भेसळ कळत नाही. हल्ली भेसळीचे पाक प्रयोगशाळेच्या नेहमीच्या चाचण्यांतूनही निसटतात, हे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने डिसेंबर २०२० मध्ये दाखवून दिलं होतं.

बाळाला चाटवला तर चालतो का?

एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, घरचा शुद्ध असला तरी. मधात बोट्युलिझम घडवणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. बारशाला आजी-आत्या प्रेमाने मागतात तेव्हा हे सांगणं अवघड जातं. तरीही सांगा. मधुमेह असणाऱ्यांनीही मध म्हणजे साखरच आहे हे धरून चालावं.

विकता येईल का?

एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करून, हो. दोन पेट्यांचा मध मात्र नात्यागोत्यातच संपतो. पहिली बाटली शेजाऱ्यांची, हा आमच्याकडचा नियम आहे.

मेणाचं काय करायचं?

टाकू नका. झाकणांचे पापुद्रे आणि जुनी पोळी पाण्यात मंद उकळा, गरम असतानाच जाड कापडातून गाळा आणि पातेलं रात्रभर तसंच ठेवा. सकाळी पाण्यावर पिवळी वडी जमलेली असते. खालची माती-चोथा खरवडून टाका. आई तिच्यात थोडं तूप घालून थंडीत टाचांच्या भेगांना लावायची. मी त्यातला एक तुकडा नेहमी राखून ठेवतो आणि नोव्हेंबरमध्ये रिकाम्या पेटीला आतून चोळतो, चौकटींच्या वरच्या पट्टीलाही. घर शोधत फिरणाऱ्या सातेरीला जुन्या मेणाचा वास ओळखीचा वाटतो. अशी पेटी आंब्याच्या बेचक्यात बांधून ठेवली होती. गेल्या डिसेंबरात एका सकाळी तिच्या दाराशी पाच-सहा माश्या आत-बाहेर करत जागा पाहत होत्या, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बाकीच्या सगळ्या आल्या.